अर्धी हजेरी



आपल्या धर्मग्रामाच्या सभागृहाचे काम पूर्ण झाले. नवा स्लॅब, रुंद खिडक्या, मागच्या बाजूची भिंत हे सर्व तुम्ही दर रविवारी पाहत आहात. अनेकांनी मिस्सानंतर थांबून माझे अभिनंदन केले. ते ऐकताना मला दर वेळी थोडे अवघडल्यासारखे होते, कारण त्या कामातील एका दिवसाचा हिशेब माझ्याकडून अजून पूर्ण झालेला नाही. हा हिशेब पैशांचा कमी आणि नीतीचा जास्त आहे, म्हणून तो आज तुमच्यापुढे मांडतो.

तो सोमवार होता. सकाळी साडेआठला सांगलीच्या मजूर अड्ड्यावरून अकरा माणसे आली. तीन गवंडी आणि आठ बिगारी. बिगाऱ्यांत चार बायका होत्या. बहुतेक जण जत, कवठेमहांकाळकडचे. मागची भिंत उचलायला घ्या, असे मीच ठेकेदारांना सांगितले होते. पण वाळू आली नव्हती. ट्रक 'आत्ता येतो, मग येतो' करत दुपारी एकला आला. त्याहून मोठी अडचण माझ्या बाजूची होती. भिंतीत खिडक्या किती आणि केवढ्या ठेवायच्या, हेच ठरले नव्हते. त्यासाठी बोलावलेली समितीची बैठक मी दोनदा पुढे ढकलली होती. म्हणजे वाळू वेळेवर आली असती तरी गवंड्याने थापी हातात घेऊन माझ्या तोंडाकडेच पाहिले असते.

साडेआठपासून एकपर्यंत अकरा माणसे आवारातल्या कडुनिंबाखाली बसून होती. संध्याकाळी ठेकेदारांनी प्रत्येकाच्या नावापुढे अर्धी हजेरी मांडली. त्यांचेही चुकले असे म्हणता येत नाही, कारण काम अर्धाच दिवस झाले होते. जाता जाता एक बाई ऑफिसच्या दारात पाणी मागायला आली. पाणी पिऊन झाल्यावर ती म्हणाली, "फादर, आमी येळंवर आलो हुतो. वाळू आली न्हाई, ह्यात आमचं काय चुकलं? आमचा अर्धा दिस कुठं गेला?"

मी तिला म्हणालो, "बघतो." आपल्याकडे हा शब्द फार सोयीचा आहे. ती निघून गेली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना काळ म्हणजे काय, या प्रश्नावर आम्ही अरिस्टॉटल आणि संत ऑगस्टीन यांचे विचार अभ्यासले होते. परीक्षेत त्यावर पानेच्या पाने लिहिली होती. पण काळ कोणाच्या मालकीचा असतो, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नव्हता. तो त्या बाईने विचारला. साडेआठ ते एक हा वेळ तिचा होता की माझा? तिचा असेल, तर तो माझ्या कामासाठी अडकवून ठेवून मी तिच्या मालकीची वस्तू घेतली. माझा असेल, तर त्याची किंमत मी द्यायला हवी होती. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी देणे माझ्याच अंगावर येते.

कोणी म्हणेल, फादर, यात पाप कसले? एवढा गोंधळ तर प्रत्येक बांधकामावर होतो. प्रश्न रास्त आहे. मी कोणाला फसवले नव्हते, कोणावर ओरडलो नव्हतो. फक्त आधी विचार केला नव्हता. संत थॉमस अक्विनास यांनी विवेक या सद्गुणाचे विवेचन करताना दूरदृष्टीला त्याचे मुख्य अंग मानले आहे. विवेकी माणूस म्हणजे जे अजून घडलेले नाही त्याची आज तजवीज करणारा माणूस. त्याच विवेचनात पुढे ते हयगयीला विवेकाविरुद्धचे पाप म्हणतात. आपण मिस्साच्या प्रारंभी क्षमा मागतो, तेव्हा केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांबद्दलही मागतो. ही कबुली मी अनेक वर्षे तुमच्याबरोबर देत आलो. समितीची पुढे ढकललेली बैठक त्यात बसते, हे मात्र माझ्या ध्यानात आले नव्हते.

त्या रात्री मी साधे गणित केले. अकरा माणसे, प्रत्येकाचे साडेचार तास. बेरीज साडेएकोणपन्नास तास झाली. आठ तासांचा दिवस धरला तर एका माणसाची सहा दिवसांची कमाई होते. एखाद्याच्या खिशातून मी आठवड्याचा पगार काढून घेतला असता तर गावाने मला चोर म्हटले असते. अकरा जणांकडून थोडा थोडा घेतला, म्हणून कोणी काही म्हणाले नाही.

पवित्र शास्त्रात बांधकामावरच्या अशा अन्यायाची एक फार जुनी कथा आहे. निर्गमच्या पाचव्या अध्यायात फारो इस्राएली मजुरांना विटांसाठी लागणारे गवत देणे बंद करतो. गवत तुमचे तुम्ही शोधून आणा, पण विटांची संख्या कमी होता कामा नये, अशी त्याची आज्ञा असते. मजूर देशभर गवताच्या काड्या वेचत फिरतात, विटा कमी पडतात आणि मार इस्राएली मुकादमांना बसतो. मुकादम तक्रार घेऊन जातात, तेव्हा फारो त्यांनाच आळशी ठरवतो. ही कथा आपण आजवर गुलामगिरीची कथा म्हणून ऐकली. ती सामान न पुरवता काम मागणाऱ्या मालकाचीही कथा आहे. सामान वेळेवर देणे ही काम सांगणाऱ्याची जबाबदारी असते. ती त्याने पार पाडली नाही, की दोष कामगाराच्या माथी जातो. "ही माणसे नुसती बसून असतात" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! ती का बसली आहेत, हे विचारायला थांबत नाही.

आधी आखणी करणे आपल्या भागाला नवीन नाही. कृष्णा-कोयनेच्या काठी बांधकाम करणाऱ्याला ती करावीच लागते. सांगलीचा आयर्विन पूल १९२९ साली खुला झाला. कृष्णेच्या पात्रात दगडी खांब उभे करायचे तर नदीचे पाणी उतरण्याची वाट पाहायची आणि पुन्हा चढण्याआधी काम वर काढायचे, याला पर्याय नसतो. मृग नक्षत्र कोणासाठी थांबत नाही. कोयनेचेही तसेच. १९५४ साली धरणाचे काम सुरू झाले आणि १९६२ मध्ये वीजनिर्मितीला सुरुवात झाली. धरणाची उंची १०३ मीटर आणि लांबी ८०७ मीटर. सह्याद्रीच्या माथ्यावरचा तो पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना सांगायला नको की तिथे कामाचे महिने मोजकेच मिळतात. दगड, खडी, सिमेंट, माणसे यांची जुळणी पावसाळ्याच्या हिशेबाने झाली नाही, तर वर्ष हातचे जाते.

त्याच कोयनेत १३ मार्च १९९९ रोजी 'लेक टॅपिंग' झाले. धरणाच्या जलाशयात पाणी तसेच ठेवून त्याच्या तळाखालून बोगदा नेण्यात आला आणि शेवटी उरलेला खडकाचा पडदा सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घेतले गेले. असाच प्रयोग पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी झाला. स्फोट काही क्षणांचा, पण त्यामागची तयारी वर्षांची असते. खडक फुटल्यावर त्याचे तुकडे कुठे पडतील, यासाठी आधीच खड्डा खोदून ठेवावा लागतो. जे अजून घडलेले नाही त्यासाठी जागा करून ठेवायची, ही त्या कामाची रीत. संत थॉमस ज्याला दूरदृष्टी म्हणतात, ती आपल्या सातारा जिल्ह्यात अशी दगडात कोरलेली आहे.

पण कोयनेची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच राहील. धरणाची आखणी इतक्या बारकाईने झाली, तशी धरणाखाली ज्यांची गावे गेली त्यांच्या आयुष्याची झाली नाही. पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा १९७६ साली आला, तोवर धरण भरून अनेक पावसाळे उलटले होते. कोयनेचे धरणग्रस्त साताऱ्यात, सांगलीत, सोलापुरात आणि खाली कोकणात विखुरले. एकविसाव्या शतकातही त्यांना जमिनीच्या हक्कासाठी आंदोलनाला बसावे लागले. पाण्याला किती वेळ लागेल याचा हिशेब कागदावर होता. माणसांना किती वाट पाहावी लागेल, याचा नव्हता. म्हणून केवळ आखणी करणे पुरेसे नाही. आखणीत कोणाचा वेळ मोजला आणि कोणाचा मोजलाच नाही, हे पाहावे लागते. माझ्या सभागृहाच्या कामात मी ट्रकच्या खेपा मोजल्या होत्या, सिमेंटची पोती मोजली होती. कडुनिंबाखाली बसलेली माणसे मोजली नव्हती.

बांधकामाच्या जगात या विषयाचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील फ्रँक गिल्ब्रेथ हे तरुणपणी गवंडीकाम शिकले होते. प्रत्येक वीट उचलण्यासाठी गवंडी जमिनीपर्यंत वाकतो, हे त्यांनी पाहिले. दिवसभरात शेकडो वेळा वाकणे. त्यांनी वर-खाली सरकवता येणारी परांची केली, विटा गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर आणून ठेवण्याची व्यवस्था केली. एक वीट लावायला अठरा हालचाली लागत, त्या पाचच्या आसपास आल्या. तासाला १२५ विटा लावणारा गवंडी ३५० विटांपर्यंत पोचला. १९०९ साली त्यांनी वीटकामाच्या या पद्धतीवर पुस्तक लिहिले. यात मला भावते ते असे की, काम वाढले ते माणसाला जास्त पळवून नव्हे. त्याच्या कमरेचा विचार आधी कोणीतरी केला, म्हणून वाढले.

पुढे १९९०च्या दशकात ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल या अभियंत्यांनी बांधकामांवरील आठवड्याची आखणी तपासली. या आठवड्यात करू म्हणून लिहिलेल्या कामांपैकी साधारण निम्मीच कामे त्या आठवड्यात होत होती. कारणे आपल्या ओळखीची आहेत. सामान आले नाही, आधीचे काम झाले नाही, नकाशा मिळाला नाही. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता. काही आठवडे पुढचे पाहायचे, प्रत्येक कामाच्या वाटेतील अडथळा आजच शोधून दूर करायचा आणि वाट मोकळी झाल्याशिवाय ते काम आठवड्याच्या यादीत घ्यायचे नाही. आणि शेवटचा शब्द वरच्या साहेबाचा नसून प्रत्यक्ष काम करवून घेणाऱ्या मुकादमाचा. "हे होणार नाही" असे म्हणण्याची त्याला मोकळीक हवी.

हे वाचले तेव्हा मला डोंगरावरील प्रवचन आठवले. तुमचे होय ते होय असावे आणि नाही ते नाही, असे प्रभूने आपल्याला शिकवले. आपल्याकडे गरीब माणसाला 'नाही' म्हणण्याची मुभाच नसते. ठेकेदार विचारतो, "शनिवारपर्यंत होईल ना?" मुकादम म्हणतो, "व्हतंय की." होणार नाही हे दोघांनाही ठाऊक असते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होयला काय किंमत राहिली?

त्या सोमवारनंतर आम्ही एक दोनशेपानी वही आणली. दर शनिवारी संध्याकाळी पगार झाला की ठेकेदार, मुकादम आणि मी व्हरांड्यात बसू लागलो. पुढच्या आठवड्याचे प्रत्येक काम लिहायचे आणि त्यापुढे पाच प्रश्न विचारायचे. सामान आवारात आले आहे का? आधीचे काम संपले आहे का? ठरवायचे ते ठरले आहे का? माणसे आणि अवजारे आहेत का? पाणी आणि वीज असेल का? एकाही प्रश्नाला 'नाही' आले तर ते काम त्या आठवड्यात धरायचे नाही. पहिल्या शनिवारी आम्ही नऊ कामे लिहिली होती. पाच उरली. आणि जी चार गळाली, त्यांतील तीन कामे माझ्यामुळे अडली होती. एक निर्णय माझ्या टेबलावर पडून होता, एका चेकवर दुसरी सही घ्यायची राहिली होती आणि एका भिंतीबाबत शेजाऱ्यांशी बोलतो म्हणून मी बोललो नव्हतो. तोपर्यंत माझी समजूत होती की काम मजुरांमुळे रेंगाळते. वहीने ती समजूत पुसली.

इथे दोन आक्षेप येतात आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप श्रद्धेचा. उद्याची चिंता करू नका, असे प्रभू येशूने सांगितले आहे. संत याकोब आपल्या पत्रात, उद्या अमुक गावी जाऊ आणि नफा मिळवू, असे म्हणणाऱ्यांना फटकारतात. मग ही वही म्हणजे अविश्वास नव्हे का? मला तसे वाटत नाही. चिंता आणि तजवीज यांत फरक आहे. चिंता माझ्या स्वतःभोवती फिरते. माझे काय होईल, माझे नाव राहील का, हे तिचे विषय. तजवीज दुसऱ्याकडे पाहते. उद्या सकाळी जो माणूस माझ्या दारात उभा राहणार आहे त्याला काय लागेल, हे ती विचारते. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा दृष्टान्तही त्याच प्रभूचा आहे. नहेम्याने यरुशलेमचा तट बावन्न दिवसांत पूर्ण केला. पण त्याआधी राजाच्या वनातील लाकडासाठी त्याने पत्र मागून घेतले होते आणि रात्री मोजकीच माणसे बरोबर घेऊन, फिरून पडलेल्या भिंती पाहिल्या होत्या. त्याने प्रार्थनाही केली आणि पाहणीही केली. उद्या देवाच्या हाती आहे हे खरे. मजुरांना वाळू पुरवणे मात्र त्याने माझ्या हाती दिले आहे.

दुसरा आक्षेप मुकादमाचा होता, आणि त्याने मला अधिक अस्वस्थ केले. वहीमुळे काम सुरळीत चालले. ठरवलेल्या मुदतीच्या सहा दिवस आधी आपण काम संपवले. शेवटच्या शनिवारी मी मोठ्या आनंदाने मुकादमाला म्हणालो, "पाहा, सहा दिवस वाचले." तो हसला नाही. म्हणाला, "तुमचं वाचलं, फादर. आमची सा दिसाची रोजी गेली की."

बंधुभगिनींनो, रोजंदारीवरच्या माणसाचे हे दुखणे आपल्या ध्यानी येत नाही. त्याला दिवसावर पैसे मिळतात. काम नीट आखले तर दिवस कमी होतात, दिवस कमी झाले तर चूल थंडावते. गोंधळात त्याची अर्धी हजेरी जाते आणि शिस्तीत पूर्ण दिवस जातो. दोन्हीकडून तोच मरतो. मग मालकाने केलेल्या उत्तम आखणीत त्याने मनापासून का भाग घ्यावा?

शलमोनाच्या मंदिराची कथा इथे आठवते. राजांच्या पहिल्या पुस्तकात लिहिले आहे की, मंदिराचे दगड खाणीवरच घडवून तयार केले जात, त्यामुळे मंदिर उभे राहताना तिथे हातोड्याचा आवाजही आला नाही. माणसांच्याही पाळ्या ठरलेल्या होत्या. तीस हजारांपैकी दहा हजार एक महिना लबानोनात जात आणि पुढचे दोन महिने घरी राहत. इतकी नेटकी आखणी पवित्र शास्त्रात क्वचितच सापडेल. पण ती वेठ होती. शलमोनानंतर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे आले आणि आमचे जू हलके कर म्हणाले. त्याने नकार दिला. राज्य दुभंगले आणि वेठीवरचा अधिकारी अदोनीराम लोकांच्या दगडांनी मेला. आवाज न होता रचलेल्या दगडांचा आवाज असा नंतर झाला. आखणीचे फळ ज्याने त्याने आपल्यापुरते ठेवले, तर आखणी म्हणजे जुवाचेच दुसरे नाव होते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कामाविषयी 'लाबोरेम एक्सर्चेन्स' हे परिपत्रक लिहिले. तरुणपणी, युद्धाच्या काळात, त्यांनी स्वतः दगडाच्या खाणीत काम केले होते. त्यांचे सांगणे थोडक्यात असे की, कामाचे मोल काय निर्माण झाले यावरून ठरत नाही, ते करणारा माणूस आहे यावरून ठरते. त्या परिपत्रकात ते अप्रत्यक्ष मालकाविषयीही बोलतात. कामगाराला जो थेट पगार देत नाही, पण ज्याच्या निर्णयांवर कामगाराची स्थिती ठरते, त्याचीही जबाबदारी असते. मजूर ठेकेदारांचे होते, आमचा त्यांच्याशी संबंध नाही, हे म्हणणे या शिकवणीपुढे टिकत नाही.

हा प्रश्न मी आपल्या अर्थ समितीपुढे ठेवला. चर्चा तापली. एका सभासदांचे म्हणणे होते की चर्चचा पैसा भाविकांच्या घामाचा आहे. न केलेल्या कामाचे पैसे देण्याचा आपल्याला अधिकार नाही. हे म्हणणे मी हलके मानत नाही. दानपेटीत दहा रुपये टाकणारी विधवा मला दर रविवारी दिसते. दुसरे सभासद म्हणाले, सहा दिवसांचे सेंट्रिंगचे आणि मिक्सरचे भाडे वाचले, ते कोणामुळे वाचले? अखेर दोन गोष्टी ठरल्या. आपल्या चुकीमुळे गेलेल्या अर्ध्या दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची, कारण तो दानधर्म नसून देणे आहे. आणि वाचलेल्या भाड्यातील काही भाग कामावर शेवटपर्यंत राहिलेल्यांत वाटायचा. तिसरी गोष्ट वहीनेच केली होती. काम कधी संपणार हे मुकादमाला दोन आठवडे आधी कळले होते, त्यामुळे त्यातील सात जणांना मिरजेच्या एका कामावर आधीच जागा मिळाली. उरलेल्या चौघांना पुन्हा अड्ड्यावर उभे राहावे लागले. म्हणजे प्रश्न पूर्ण सुटला असे मी म्हणणार नाही.

द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात धनी दिवसाच्या अकराव्या तासाला बाजारात जातो आणि तिथे उभ्या असलेल्यांना विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर घेतले नाही. धनी त्यांना आळशी म्हणत नाही. मळ्यात पाठवतो आणि पूर्ण दिवसाची मजुरी देतो. या दृष्टान्तावर मी अनेकदा प्रवचन केले आहे, बहुधा देवाच्या औदार्याविषयी. पण त्या धन्याने काय ओळखले होते? उभे राहण्यातही माणसाचा दिवस जातो आणि संध्याकाळी त्याच्या मुलांना भूक पूर्णच लागते, अर्धी लागत नाही.

हे सर्व फक्त बांधकामाचे आहे असे समजू नका. आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात दुसऱ्या कोणाचा तरी वेळ असतो. घरी प्लंबरला बोलावून आपण बाहेर निघून जातो. ऊस कधी तोडायचा हे ठरलेले नसताना मराठवाड्यातून टोळी आणून ठेवतो. कचेरीत असलेले लोक साहेब नाहीत, उद्या या, असे सांगतात, आणि समोरचा माणूस आटपाडीहून एस.टी.ने आलेला असतो. आई सकाळपासून स्वयंपाकघरात असते आणि पाहुणे किती येणार हे तिला अकरा वाजता कळते. आणि मी स्वतः? रविवारच्या मिस्साला दहा मिनिटे उशिरा आलो आणि तुम्ही दीडशे जण बसला असाल, तर तुमचे पंचवीस तास मी घेतले. याची मी क्षमा मागतो. घड्याळ आता सॅक्रिस्टीच्या दारावर लावले आहे.

१ मे हा दिवस आपण महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन म्हणून पाळतो. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी तो कामकरी संत योसेफाचा सण म्हणून ठरवला. नाझरेथमध्ये योसेफाच्या दारीही कोणी काम सांगून, लाकूड न पोचवता, त्याला ताटकळत ठेवले असेल. त्याच्या शेजारी बसून वाट पाहणारा मुलगा प्रभू येशू होता, एवढे मनात ठेवले तरी पुरे आहे.

शेवटी त्या हिशेबाकडे येतो. समितीने ठरवल्यावर अकरा पाकिटे केली. दहा देऊन झाली. अकरावे त्या बाईचे, जिने प्रश्न विचारला होता. समितीची बैठक झाली तोवर तीन आठवडे गेले होते आणि ती दुसऱ्या कुठल्या कामावर निघून गेली होती. मुकादमाला तिचे गाव नक्की ठाऊक नाही. मी दोनदा सकाळी अड्ड्यावर जाऊन आलो, ती दिसली नाही. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यावी, असे अनुवादात सांगितले आहे. तो नियम इतका घाईचा का आहे, हे मला आता कळते. सूर्य मावळला की माणूस निघून जातो.

ते पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे. कोणाला ती भेटली तर मला सांगा. तोवर तुमच्या घरी उद्या कोणी कामावर येणार असेल, तर आज रात्रीच पाहून ठेवा की वाळू आली आहे का.

प्रभू आपल्याला दुसऱ्याच्या वेळेचा मान राखण्याची बुद्धी देवो आणि कामकरी संत योसेफ आपणा सर्वांसाठी विनंती करो.

प्रभूमध्ये आपला,
धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू